मुख्याध्यापक आधी घडवा, मग खुर्ची द्या

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक बदलतो तेव्हा चार्ज यादी होते. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रकं, कॅशबुक, डेडस्टॉक रजिस्टर, पोषण आहाराच्या नोंदवह्या, शिल्लक तांदूळ किती किलो, गॅसच्या टाक्या किती, कपाटाच्या किल्ल्या किती, टीव्ही चालू की बंद, शाळेची माहिती भरण्याच्या यू-डायस पोर्टलचा पासवर्ड. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, एक प्रत पंचायत समितीला. अशा कितीतरी याद्या माझ्या नजरेखालून गेल्या आहेत. तिसरीतल्या कोणत्या मुलांना अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत, कोणती मुलं दिवाळीच्या सुमाराला आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जातात, कोणत्या शिक्षकाला गणित शिकवताना आधार लागतो, गावातलं कोण शाळेच्या हाकेला धावून येतं, यातलं काहीही त्या याद्यांत मला दिसलेलं नाही. नव्या मुख्याध्यापकाच्या ताब्यात सामान येतं. शाळा समजून घ्यायला त्याची पुढची दोन-तीन वर्षं जातात आणि तोवर बदल्यांची चर्चा सुरू झालेली असते.

हा मुख्याध्यापक कालपर्यंत उपशिक्षक किंवा पदवीधर शिक्षक होता. ज्येष्ठता यादीत नंबर लागला, बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाच्या क्रमवारीत बसला, समुपदेशनात, म्हणजे शाळा निवडायच्या बैठकीत, उरलेल्या शाळांमधली एक निवडली, आदेश हातात पडला आणि तो रुजू झाला. शिक्षक होण्यासाठी त्याने दोन वर्षांची पदविका केली होती, सराव पाठ घेतले होते, मार्गदर्शकांची टीका ऐकून घेतली होती. आता तर त्यासाठी टीईटी ही पात्रता परीक्षा आणि अभियोग्यता चाचणीही द्यावी लागते. मुख्याध्यापक होण्यासाठी मात्र नेमणुकीआधी पूर्ण करायलाच हवं असं कोणतंही प्रशिक्षण नाही. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांना १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. तिथेही पदवी, बी.एड., पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव आणि सेवाज्येष्ठता एवढ्यावर काम भागतं. वर्ग चांगला सांभाळणारा माणूस शाळाही आपोआप चांगली चालवेल, या समजुतीवर आपण हजारो शाळा सोपवल्या आहेत.

माझं म्हणणं असं आहे की मुख्याध्यापकाचं खरं शिक्षण पद मिळण्याआधी व्हायला हवं, ते एखाद्या चालत्या शाळेत, अनुभवी मुख्याध्यापकाच्या हाताखाली व्हायला हवं, आणि पद मिळाल्यावर त्याला मुख्याध्यापकाचं काम करायला मोकळीक हवी. यातला एक जरी भाग गळला तरी उरलेल्या प्रशिक्षणावरचा खर्च बहुतांशी वाया जातो. आज तिन्ही भाग गळालेले आहेत.

कागदावर आपण कुठे कमी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांप्रमाणेच मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. त्यात नेतृत्व आणि व्यवस्थापन आहे, तसंच अध्यापनशास्त्रही आहे. दिल्लीच्या नीपा या शैक्षणिक नियोजनाच्या राष्ट्रीय संस्थेत २०१२ पासून शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र आहे. राज्यात पुण्याला एससीईआरटी ही शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, छत्रपती संभाजीनगरला शैक्षणिक नियोजन व प्रशासनाची ‘मिपा’ ही संस्था आणि जिल्ह्याजिल्ह्यांत डाएट या प्रशिक्षण संस्था आहेत. २०१९ मध्ये शिक्षकांसाठी ‘निष्ठा’ हे देशव्यापी प्रशिक्षण सुरू झालं, त्यात मुख्याध्यापकांसाठी नेतृत्वाचा भाग होता, आणि कोविडच्या काळात ते सगळं ‘दीक्षा’ ॲपवर गेलं. या साहित्यात बऱ्याच चांगल्या गोष्टी आहेत. मी ते वाचलं आहे, प्रशिक्षणांत वापरलंही आहे.

पण ते मुख्याध्यापकापर्यंत कसं पोचतं ते बघा. रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर व्हिडिओ सुरू होतो. शेवटची प्रश्नावली भरली की प्रमाणपत्र मिळतं. त्याचा स्क्रीनशॉट केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांच्या समूहाच्या, ग्रुपवर जातो, केंद्राची टक्केवारी तालुक्याला जाते, तालुक्याची जिल्ह्याला. कोर्स कितीजणांनी पूर्ण केला हे वरपर्यंत कळतं, शाळेत त्यातलं काय घडलं ते कुणी विचारत नाही. प्रत्यक्ष प्रशिक्षण असेल तर राज्यस्तर, जिल्हास्तर, तालुकास्तर अशा पायऱ्या उतरत ते येतं आणि प्रत्येक पायरीवर थोडं थोडं सांडतं. त्यातच १२ वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतरची निवडश्रेणी यांसाठीही प्रशिक्षणाची अट आहे, त्यामुळे प्रशिक्षण म्हटलं की शिक्षकाच्या मनात आधी सेवापुस्तक येतं. यात शिक्षकांचा दोष मी मानत नाही. ज्या गोष्टीची नोंद घेतली जाते तीच माणूस पूर्ण करतो.

मुख्याध्यापकाचं काम म्हणजे नेमकं काय, याचं एक उदाहरण देतो. माध्यमिक शाळांत पाठ निरीक्षणाचं लॉगबुक असतं. प्राथमिक शाळांतही पाठ पाहून शेरे लिहिण्याची पद्धत आहे. ही लॉगबुकं चाळली तर तेच शेरे पुन्हा पुन्हा दिसतात: ‘पाठ चांगला झाला. फलकलेखन सुंदर. आवाज स्पष्ट. विद्यार्थ्यांचा सहभाग समाधानकारक. शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा.’ हा शेरा कुठल्याही वर्गाला, कुठल्याही विषयाला, कुठल्याही वर्षी लागू पडतो. शिक्षक सही करून वही परत देतो.

आता चौथीच्या वर्गात भागाकार चालू आहे असं समजा. फळ्यावर ६१२ भागिले ६ लिहिलं आहे. बाईंनी पद्धत नीट समजावली आहे, फलकलेखन खरोखर सुंदर आहे. मागच्या बाकावर बसलेला मुख्याध्यापक फळ्याकडे पाहत नाही, मुलांच्या वह्यांकडे पाहतो. निम्म्या वह्यांत उत्तर १२ आलेलं असतं. सहाने सहाला भागलं, एक आला. दशकाचा एक खाली आणला, त्याला सहाने भाग जात नाही म्हणून मुलांनी लगेच पुढचा दोन खाली ओढला, बारा झाले, भाग दोनचा. मधलं शून्य कुणी लिहिलंच नाही. मुलांनी पायऱ्या पाठ केल्या आहेत, पण शतक, दशक, एकक यांची जागा त्यांच्या मनात पक्की झालेली नाही. सुट्टीत चहा घेताना हा मुख्याध्यापक बाईंना म्हणतो, “बाई, उद्या शंभराचे सहा गठ्ठे, दहाची एक जुडी आणि दोन सुट्या काड्या घेऊन बसू. सहाजणांना वाटायला सांगू. प्रत्येकाला शंभराचा एक गठ्ठा मिळाला, दहाची जुडी कुणालाच अख्खी मिळाली नाही, हे मुलांच्या तोंडून आलं की मग शून्य लिहायला लावू. त्याआधी त्यांना एक अंदाजही विचारा. सहाशे बाराचे सहा वाटे केले तर प्रत्येकाला शंभराच्या पुढे मिळेल की मागे?” दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर्गात येऊन बसतो. आठ दिवसांनी पुन्हा वह्या पाहतो.

शाळेचं नेतृत्व मला यात दिसतं. यासाठी त्याला गणित कळायला हवं, मुलं चुकतात कशी ते कळायला हवं, आणि वयाने आपल्याहून मोठ्या असलेल्या सहकाऱ्यालाही न दुखावता हे कसं सांगायचं ते यायला हवं. कालपर्यंत बरोबरीने डबा खाणाऱ्या शिक्षकाशी आज मुख्याध्यापक म्हणून बोलणं फार अवघड असतं. कित्येक चांगले मुख्याध्यापक केवळ संबंध बिघडू नयेत म्हणून वर्गात पाऊल टाकत नाहीत. हे व्हिडिओ पाहून येत नाही. दुसऱ्याला ते करताना पाहावं लागतं, मग स्वतः करून पाहावं लागतं, आणि चुकलं तर सांगणारा कुणीतरी शेजारी लागतो.

महाराष्ट्राने हे एकदा मोठ्या प्रमाणावर अनुभवलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे काही केंद्रं मिळून होणाऱ्या विभागात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मुलं स्वतः करून पाहत शिकतील अशा रीतीने, काम उभं केलं. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि राज्यभरातले शिक्षक, अधिकारी कुमठ्याला भेटी देऊ लागले. परत गेल्यावर अनेक ठिकाणी पहिलं काम झालं ते फरशा रंगवण्याचं. कुमठ्याच्या वर्गांत जमिनीवर आखलेल्या चौकटी होत्या, मणी होते, काड्या होत्या, ते डोळ्यांना दिसत होतं आणि लोकवर्गणीतून महिन्याभरात करता येत होतं. पण त्या फरशीमागे एक अधिकारी सतत वर्गांत बसत होती, शिक्षकांशी शिकण्याबद्दल बोलत होती, त्यांना एकमेकांच्या वर्गांत नेत होती. एका दिवसाच्या भेटीत ते दिसणं शक्यच नव्हतं. ज्या केंद्रात असं बसणारं, बोलणारं माणूस होतं तिथे काम टिकलं. बाकीच्या ठिकाणी रंग उडाला.

म्हणून केंद्रप्रमुखाबद्दल बोलल्याशिवाय मुख्याध्यापकाबद्दल बोलताच येत नाही. शेजारपाजारच्या शाळांनी एकमेकींना धरून राहावं, मोठ्या शाळेने लहान शाळांना हात द्यावा, ही शाळा समूहाची कल्पना १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने मांडली. त्या आयोगाचे सदस्य सचिव आपले जे. पी. नाईक होते, कोल्हापूर जिल्ह्यातले. महाराष्ट्रात १९९४ मध्ये केंद्रप्रमुखाचं पद निर्माण झालं. राज्यभर ४,८६० केंद्रं, दहा-बारा शाळांमागे एक अनुभवी माणूस. विचार उत्तम होता. आज कित्येक तालुक्यांत एकेका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा कार्यभार आहे. २०२३ मध्ये विभागीय स्पर्धा परीक्षेची जाहिरात निघाली ती २,३८४ पदांसाठी, आणि ती परीक्षाही लांबत गेली. जो माणूस वर्गात बसायला हवा तो माहिती गोळा करून पुढे पाठवण्यात संपून जातो. दरमहा होणारी शिक्षण परिषद खरं तर मुख्याध्यापकांच्या शिकण्याची हक्काची जागा आहे. तिथेही अर्धा वेळ सूचना वाचण्यात जातो.

आणि मुख्याध्यापक तरी कुठे मोकळा आहे? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० च्या वर पट असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक, सहावी ते आठवीसाठी १०० च्या वर. आपल्या बहुसंख्य जिल्हा परिषद शाळा त्याहून कितीतरी लहान आहेत. तिथे जो ज्येष्ठ तो प्रभारी. दोनशिक्षकी शाळेतला प्रभारी दोन-तीन वर्ग एकत्र घेऊन बसलेला असतो आणि त्याच वेळी पंचायत समितीच्या ग्रुपवर ‘अत्यंत तातडीचे, आज ४ वाजेपर्यंत’ असा निरोप येतो. आधार जुळणी, यू-डायस, विद्यार्थ्यांच्या नोंदींचं ‘सरल’ पोर्टल, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराची रोजची नोंद, कुठल्या तरी अभियानाचे फोटो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला लिपिक नाही, शिपाई नाही. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर कामं देऊ नयेत असं स्पष्ट आहे. तरीही ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत शिक्षकांना रस्त्यावर यावं लागलं. २०२४ मध्ये शासनाने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांचं वर्गीकरण करणारा शासन निर्णय काढला. तो स्वागतार्हच आहे, पण वर्गीकरणाने माहिती मागणारे फोन थांबत नाहीत. काम कुणी करायचं याचं उत्तर त्यासोबत द्यावं लागतं.

दिल्ली सरकारने असं एक उत्तर दिलं होतं. तिथे सरकारी शाळांच्या प्राचार्यांना आयआयएम अहमदाबादला प्रशिक्षणाला पाठवलं, त्याच्या बातम्या खूप झाल्या. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते शाळांमध्ये एस्टेट मॅनेजर नेमणं. पाणी, स्वच्छतागृहं, दुरुस्त्या, पहारा हे सगळं पाहायला वेगळा माणूस, म्हणजे प्राचार्याला वर्गांकडे जायला वेळ. दिल्लीच्या शाळा मोठ्या, आपल्या लहान आणि विखुरलेल्या, त्यामुळे तीच गोष्ट जशीच्या तशी इथे होणार नाही. पण केंद्रामागे एक लिपिक कम डेटा ऑपरेटर देता येईल. दहा-बारा शाळांची पोर्टलं तो सांभाळेल, आठवड्यातून एकदा प्रत्येक शाळेत जाऊन नोंदी घेईल. दहा मुख्याध्यापकांच्या मोकळ्या होणाऱ्या वेळेपुढे त्या एका पगाराचा बोजा मला मोठा वाटत नाही.

ही मोकळीक न देता नुसत्या योजना आणि मूल्यमापनं लादली तर काय होतं, याचा चांगला अभ्यास शेजारच्या मध्य प्रदेशात झाला आहे. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या शाळा सुधार कार्यक्रमाची पाहणी केली. २०२० मध्ये त्यांचा निबंध आला. शाळांचं मूल्यमापन व्यवस्थित झालं, प्रत्येक शाळेचा सुधार आराखडा तयार झाला, कागदोपत्री सगळं पार पडलं. मुलांच्या शिकण्यात मात्र फरक पडला नाही, शाळांना मिळणारी मदत आणि त्यांच्यावरची देखरेखही बदलली नाही. तरीही कार्यक्रम यशस्वी मानला गेला आणि त्याच धर्तीवरचं काम देशभर पसरलं. आपल्याकडे शाळासिद्धी या शाळांच्या स्वयंमूल्यमापनाच्या योजनेचे अहवाल भरलेल्या कुठल्याही मुख्याध्यापकाला हे वाचून नवल वाटणार नाही.

याचा अर्थ मुख्याध्यापकाने काही फरक पडत नाही असा कुणी काढू नये. भारतासह आठ देशांतल्या १,८०० हून अधिक माध्यमिक शाळांच्या पाहणीवर आधारलेला निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा अभ्यास आहे. जिथे शाळेचं व्यवस्थापन चांगलं तिथे मुलांचे निकालही चांगले, असं त्यात दिसलं. आठ देशांत व्यवस्थापनात आपण सर्वांत खाली होतो. म्हणजे इथे सुधारायला सर्वांत जास्त वाव आहे.

आता नेमकं करायचं काय? जिल्हा परिषदेत शिक्षकांची ज्येष्ठता यादी दरवर्षी १ जानेवारीच्या स्थितीनुसार तयार होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत मुख्याध्यापक कोण होणार याचा बऱ्यापैकी अंदाज त्या यादीवरून आजच बांधता येतो. इतकी आगाऊ सूचना फार थोड्या खात्यांना मिळत असेल, आणि आपण तिचा काहीही उपयोग करत नाही. यादीतल्या या शिक्षकांना पदोन्नतीच्या आधीच्या वर्षी किमान एक महिना एखाद्या चांगल्या मुख्याध्यापकासोबत पूर्णवेळ ठेवावं. पालकसभा, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक, पाठ निरीक्षण आणि त्यानंतरचं बोलणं, पटनोंदणीसाठी वस्तीवरची फेरी, कॅशबुक लिहिणं, सगळं त्यांनी जवळून पाहावं, काही स्वतः करावं. सिंगापूर निवडक उपप्राचार्यांना सहा महिने पूर्णवेळ अभ्यासाला बसवतं. आपल्याला तेवढं परवडणार नसेल तर एक महिना तरी द्या. त्या काळात त्यांच्या वर्गावर कोण, हा प्रश्न खरा आहे. त्यासाठी तासिका तत्त्वावर शिक्षक घेण्याचा खर्च प्रशिक्षणाच्या आराखड्यात धरला पाहिजे. वर्ग वाऱ्यावर सोडून तयार केलेला मुख्याध्यापक नको.

सेवाज्येष्ठता काढून टाका, परीक्षा घ्या, असं सुचवणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. लेखी परीक्षेत नियम आणि कलमं पाठ असणारा माणूस वर येतो, आणि परीक्षेच्या वाटेवर न्यायालयीन प्रकरणं उभी राहतात. ज्येष्ठतेने येणाऱ्या माणसाकडे वीस-पंचवीस वर्षांचा वर्ग असतो, ती मोठी ठेव आहे. तिच्यावर तयारीचा संस्कार करणं सोपं आणि न्याय्य आहे. उलट आज चिंता वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे: नंबर लागूनही अनेकजण पदोन्नती नाकारतात. शिक्षिकांमध्ये हे प्रमाण मला विशेष जाणवतं. लांबची शाळा, वाढलेलं कारकुनी काम, पगारातला किरकोळ फरक आणि चूक झाली तर नोटीस, यासाठी घर आणि वर्ग कोण सोडेल? ज्यांच्या हाताखाली शाळा बहरल्या असत्या अशा कितीतरी बाई उपशिक्षिका म्हणूनच निवृत्त होतात. पदोन्नतीच्या शाळा ठरवताना हे लक्षात घेणं हा नेतृत्व विकासाचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप अधिकारांबद्दलचा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटानुसार अनुदान मिळतं, ३१ ते १०० पटाच्या शाळेसाठी ते वर्षाला २५,००० रुपये आहे. त्यातला किती पैसा कशावर खर्च करायचा याच्या सूचना वरून येतात, आणि पैसे अनेकदा वर्ष संपताना येतात. मुख्याध्यापकाला जास्त मोकळीक दिली तर गैरव्यवहार होतील, असं अधिकारी सांगतात. काही ठिकाणी होतीलही. पण निर्णयाचा अधिकारच नसलेल्या माणसाला निर्णय घ्यायला शिकवता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, मुख्याध्यापक तिचा सचिव असतो. खर्चाचा तक्ता शाळेच्या भिंतीवर लावा, समितीपुढे वाचा. गावातले पालक वरच्या कुठल्याही तपासणीपेक्षा बारकाईने हिशेब पाहतात.

सुरुवात कुठून करायची हेही ठरवता येईल. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेली पिढी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे, त्यामुळे दर ३१ मे रोजी प्रत्येक तालुक्यातून जाणते मुख्याध्यापक एकदम बाहेर पडतात. सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिलं जातं आणि त्यांचं सगळं शहाणपण घरी जातं. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी या मुख्याध्यापकांकडे दोन-दोन उमेदवार सोपवावेत. निवृत्तीनंतर ज्यांची इच्छा असेल त्यांना मानधन देऊन दोन वर्षं नव्या मुख्याध्यापकांच्या शाळांत महिन्यातून एक दिवस बोलवावं, तपासणीसाठी नव्हे, सोबतीसाठी. यादी जानेवारीत हाती असते, निवृत्त होणाऱ्यांची नावं आस्थापना विभागाकडे आधीच असतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवून जोड्या लावण्याचं काम गटशिक्षणाधिकारी एका बैठकीत करू शकतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ते उमेदवार शाळांत पोचलेले असू शकतात.